डोंगराचें चित्र : वरून आणि खालून
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

ज्या विषयावर बोलावयाचें तो विषय डोळ्यांचा आणि ज्या साधनानें बोलावयाचें तें साधन कानांचें, अशी आज माझी स्थिति आहे. डोंगरकड्यांच्या छायाचित्रांविषयीं मी बोलणार, आणि त्यांतलें एकही छायाचित्र आपणांस दिसणार नाहीं. ही अडचण मीं येथल्या मंडळींना बोलून दाखविली, तेव्हां त्यांतले एक गृहस्थ हंसून म्हणाले, “मास्तर, वर्गांत खडू संपला म्हणजे तुम्ही भूगोल शिकवावयाचे थांबत होतां काय?” ह्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें, म्हणून बोलावयास बसलों आहें.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारी नोकरी महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत झाली. १९८० सालीं पोलादपुराच्या डोंगराळ भागांतल्या एका वाडीवर माझी बदली झाली आणि त्याच वर्षीं मीं एक जुना अ‍ॅगफा क्लिक-३ कॅमेरा हप्त्यांनीं विकत घेतला. त्या कॅमेऱ्यांत एका वेळीं बाराच चित्रें निघत. पगार बेताचा, रोल महाग आणि धुण्यासाठीं महाडास पाठवावयाचा. तेव्हां बारा चित्रें दोन-दोन महिने पुरवावीं लागत. बोट दाबण्यापूर्वीं दहा वेळां विचार करण्याची संवय त्या गरिबीनें लावली. तीच पुढें माझी शिकवणी झाली.

ज्यांनीं हा मुलूख पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं त्याची थोडी ओळख करून देतों. मुंबईहून गोव्याच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें कीं आधीं महाड लागतें, पुढें पोलादपूर. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिच्या माथ्यावर, सुमारें साडेतेराशें मीटर उंचीवर, महाबळेश्वर. तेथें उगम पावलेली सावित्री कडे उतरून पोलादपुराजवळून महाडास येते, काळ आणि गांधारी ह्या नद्यांचें पाणी पोटांत घेते आणि बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. महाबळेश्वर आणि महाड ह्यांमधील अंतर पक्ष्याच्या वाटेनें तीस-बत्तीस किलोमीटरांहून अधिक नाहीं. एका टोंकाला ढगांत बुडालेलें पठार आणि दुसऱ्या टोंकाला समुद्राच्या भरतीचा फुगवटा, असा हा उतार आहे. रायगड आणि लिंगाणा ह्याच महाड तालुक्यांत. तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ पोलादपुरांत. कॅमेरा गळ्यांत अडकविलेल्या माणसाला ह्याहून भाग्याचा मुलूख कोणता असावयाचा?

परंतु हा डोंगर छायाचित्रांत सहजासहजीं सांपडत नाहीं. त्याचें पहिलें कारण ऊन. आमच्या बाजूचे कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत. सकाळीं सूर्य त्यांच्या पाठीमागें असतो. त्यामुळें कोंकणांतून पाहणाऱ्याला सकाळच्या वेळीं नुसती काळी आकृति दिसते, अंगावरची एकही सुरकुती दिसत नाहीं. पुणें किंवा साताऱ्याकडून येणारे हौशी लोक भल्या पहांटे उठून वरंध घाट उतरतात, खालीं येऊन कड्यांवर भिंग रोखतात आणि निराश होतात. त्यांना मी सांगत आलों, “सकाळीं वरून दरी पाहा आणि दुपार कलल्यावर खालून कडा पाहा.” दुपारीं तीन-चारच्या पुढें ऊन तिरपें होऊन कड्याच्या तोंडावर येतें, मग काळ्या पाषाणाचे एकावर एक चढविलेले थर, त्यांमधली गवताची पट्टी, मधूनच दिसणारी तांबड्या मातीची रेघ, हें सगळें उठून दिसतें. हे थर म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचे थर होत.

दुसरें कारण हवा. माघ-फाल्गुनापासून वणव्यांचा धूर आणि धूळ ह्यांनीं दरी भरून जाते. लिंगाण्यासारखा सुळका समोर असूनही पांढऱ्या कागदावर पुसलेल्या रेघेसारखा दिसतो. आषाढांत ढग डोंगर सोडीत नाहींत. खरे दिवस म्हणजे गणपति बसल्यापासून दिवाळीपर्यंतचे. मधूनच एखादी सर येऊन हवा धुवून जाते, धबधबे अजून आटलेले नसतात, आणि भातखाचरें पिंवळीं पडूं लागलेलीं असतात.

तिसरें कारण आपलें भिंग आणि आपला मोह. आजच्या मोबाइलमधलें भिंग रुंद असतें. रुंद भिंगांत सगळें मावतें खरें, पण डोंगर मागें ढकलला जातो, आणि घरीं येऊन पाहावें तों लिंगाण्याचें वारूळ झालेलें असतें! अशा वेळीं दूर जाऊन लांब पल्ल्याच्या भिंगानें डोंगर जवळ ओढावा, किंवा चित्रांत कांहीं तरी ओळखीचें ठेवावें : एखादी गाय, डोक्यावर भारा घेतलेली बाई, कौलारू देऊळ. माणसाची उंची आपल्या मनांत मोजलेली असते. तिच्याशेजारीं डोंगर आपोआप मोजला जातो.

हें झालें जमिनीवरून काढलेल्या चित्राविषयीं. आतां आकाशांत जाऊं. आपण पायथ्याशीं उभे राहतों तेव्हां डोंगराचें तोंड पाहतों. त्याची पाठ, त्याचा माथा, त्याच्या दोहों बाजूंच्या दऱ्या दिसत नाहींत. ह्यासाठीं माणसानें फार पूर्वींच कॅमेरा आकाशांत नेला. १८५८ सालीं नादार ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ बलूनमध्यें बसून जमिनीचें चित्र घेतलें. तें आज उरलेलें नाहीं. पण १८६० सालीं ब्लॅक नांवाच्या गृहस्थानें अमेरिकेंतल्या बोस्टन शहराचें बलूनमधून काढलेलें चित्र अजून जपून ठेविलेलें आहे.

डोंगरांच्या बाबतींत तर ह्या धाडसाची एक मोठी गोष्ट आपल्याच देशांत घडली. ३ एप्रिल १९३३ रोजीं बिहारमधील पूर्णिया येथून दोन विमानें उडालीं आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून जाऊन परत आलीं. त्यांतल्या एका विमानांत बॉनेट नांवाचा चित्रपट-छायाचित्रकार होता. त्याची प्राणवायूची नळी वाटेंत चिरली. त्यानें तिला हातरुमाल गुंडाळला, तरी तो बेशुद्ध होऊन पडला, आणि विमान खालीं उतरूं लागल्यावर शुद्धीवर आला. एवढा जिवाचा आटापिटा केला, चित्रेंही सुंदर आलीं. परंतु नकाशासाठीं जीं सरळ खालीं रोखून चित्रें घ्यावयाचीं होतीं तीं धुळीच्या दाट थरामुळें त्या दिवशीं साधलीं नाहींत. पुढें १९ एप्रिलला पुन्हां उड्डाण करावें लागलें. धूळ आणि धुकें ह्यांपुढें विमानाचीही मात्रा चालत नाहीं. मग आमच्या क्लिक-३ ची कथा ती काय?

आकाशांतून काढावयाच्या चित्रांच्या दोन जाती आहेत. कॅमेरा तिरपा धरला तर डोंगराचा माथा आणि उतार दोन्ही दिसतात. हीं चित्रें पाहावयास गोड. आपल्याकडे नौदलांत राहिलेले छायाचित्रकार गोपाळ बोधे ह्यांनीं मुंबईचीं, गोव्याचीं आणि किल्ल्यांचीं अशीं चित्रें हेलिकॉप्टरमधून काढलीं. उद्धव ठाकरे ह्यांचा २०१० सालीं निघालेला ‘महाराष्ट्र देशा’ हा छायाचित्रसंग्रहही आकाशांतून पाहिलेल्या गडकोटांसाठींच पुष्कळांच्या लक्षांत राहिला. अशा चित्रांत रायगड पाहिला म्हणजे बाजारपेठेच्या दोन समांतर ओळी, टकमकाचें पुढें आलेलें टोंक, आणि भोंवतालच्या दऱ्यांनीं सह्याद्रीपासून तोडलेला तो एकटा डोंगर, हें सगळें एका दृष्टिक्षेपांत कळतें. गडावर वीस वेळां चढूनही मला जें नीट उमगलें नव्हतें, तें त्या चित्रांनीं उमगलें.

दुसरी जात म्हणजे कॅमेरा सरळ खालीं रोखून घेतलेलें चित्र. हें पाहावयास रुक्ष. ह्यांत मोठी गंमत अशी कीं, जो कडा खालून पाहतांना आपली टोपी पडते, तो कडा सरळ वरून पाहिला असतां नुसती एक रेघ होतो! सहाशें मीटरांची भिंत कागदावर दोऱ्याएवढी. उंची नाहींशी होते, आणि विस्तार तेवढा उरतो. ही उंची परत मिळविण्यासाठीं मोजणीवाले एक युक्ति करितात. विमान पुढें जात असतां ओळीनें चित्रें घेतात आणि प्रत्येक चित्र मागच्या चित्रावर सुमारें साठ टक्के चढेल असें ठेवितात. एकच जागा दोन निराळ्या ठिकाणांहून दिसली म्हणजे, आपले दोन डोळे जसें खोलीचें ज्ञान करून देतात, तशी डोंगराची उंची उभी राहते. आपल्या देशानें ५ मे २००५ रोजीं सोडलेल्या कार्टोसॅट-१ ह्या उपग्रहांत अशाच हेतूनें दोन कॅमेरे बसविलेले होते, एक पुढें कललेला आणि एक मागें कललेला.

आतां विमान किंवा उपग्रह नको, ड्रोन पुरे झालें आहे. तळहातावर मावेल एवढें हें यंत्र वाडीच्या अंगणांतून उडतें आणि मिनिटाभरांत घारीच्या उंचीवर जातें. मात्र ह्या बाबतींत कायदा आहे, हें हौशी मंडळींनीं विसरूं नये. ऑगस्ट २०२१ मध्यें झालेल्या नियमांनीं हिरव्या ठरविलेल्या क्षेत्रांत जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडविण्यास मोकळीक दिली. आणि रायगडासारखें संरक्षित स्मारक असेल तेथें पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीं घ्यावी लागते.

श्रोतेहो, येथवर मीं जें सांगितलें तें हौसेचें झालें. आतां जें सांगावयाचें आहे तें सांगतांना मला थोडें जड जातें. पण त्यासाठींच मीं हें भाषण स्वीकारलें.

१९८६ सालच्या दिवाळींत मीं माझ्या शाळेच्या वाडीचें एक चित्र काढलें. समोरच्या धारेवर एक मोठा चपटा धोंडा आहे. त्यावर बसून दुपारीं चार वाजतां काढलें. मागें कडा, कड्याखालीं पंधरा-सोळा घरें, खालीं पिंवळीं खाचरें, डावीकडून वर जाणारी पायवाट. चित्र फार साधलें होतें. तें मोठें करून एका प्रदर्शनाला पाठवावयाचें मीं ठरविलें. पण त्यांत एक दोष होता. उजव्या बाजूला वाडीच्या झऱ्याजवळचा उतार उघडा-बोडका दिसत होता. त्यावरचीं पांच-सहा झाडें वेडींवांकडीं, खालच्या अंगाला कललेलीं होतीं, आणि गवतांत एक पायरीसारखी खांच पडलेली होती. त्यानें चित्राचा तोल जात होता. मोठें चित्र तयार झालें तेव्हां मीं उजवा चतकोर कापून टाकविला. चित्राला बक्षीस मिळालें. पुष्कळ वर्षें तें माझ्या भिंतीवर होतें. मूळचें लहान, चौकोनी, न कापलेलें चित्र वाडींतल्या एका घरांत दिलें होतें. त्या घराचें अंगण त्यांत आलें होतें म्हणून.

त्यानंतर पस्तीस वर्षें गेलीं. मध्यंतरीं जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांतल्या जुई, दासगांव, कोंडिवते आणि रोहण ह्या गांवांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. आम्ही हळहळलों, मदतीला धांवलों, आणि परत आपल्या कामाला लागलों. मग २२ जुलै २०२१ उजाडला. त्या दिवशीं आणि त्या रात्रीं महाबळेश्वरास चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तें पाणी सावित्रीनें महाडांत आणून ओतलें. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतल्या तळिये गांवावर डोंगर उतरला आणि ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. पोलादपुरांत साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेंही तोच प्रसंग ओढवला. दुसऱ्या दिवसांपासून आकाशांतून घेतलेलीं चित्रें सर्वत्र दिसूं लागलीं. हिरव्यागार डोंगरावर वरपासून खालपर्यंत उमटलेला तांबडा ओरखडा आपण सर्वांनीं पाहिला असेल. वर्गांत नकाशा शिकविलेल्या माणसाला त्या चित्रांवरून एक गोष्ट कळली : जमिनीवरून जिला आपण दरड म्हणतों, ती वरून पाहिली असतां एका घराची किंवा एका वाडीची गोष्ट राहत नाहीं, साऱ्या उताराची होते.

माझ्या स्वतःच्या घरांत पाणी माळ्याच्या शिडीच्या अर्ध्यावर आलें होतें. आम्ही माणसें वांचलों. चाळीस वर्षांच्या फिल्मा आणि चित्रें ज्या पत्र्याच्या पेटींत होतीं, ती पेटी मीं आळसानें खालच्या कपाटांत ठेविली होती. पाणी ओसरल्यावर उघडली तेव्हां आंत चिखलाचा एक लगदा होता. बक्षिसाचें चित्रही गेलें.

दिवाळीनंतर मी त्या वाडीवर गेलों. तेथेंही त्याच रात्रीं डोंगर सुटला होता. झऱ्याच्या बाजूनें, म्हणजे माझ्या चित्राच्या उजव्या बाजूनें. दोन गोठे आणि एक घर मातीखालीं गेलें होतें. मनुष्यहानि झाली नाहीं, ह्याचें श्रेय एका म्हातारीला आहे. दुपारपासून झऱ्याचें पाणी गढूळ येऊं लागलें, हें तिनें पाहिलें. जन्मभर तो झरा पावसाळ्यांतही निवळ वाहत आलेला. “पानी बिघडलं, डोंगुर काय धड न्हाय,” असें म्हणून तिनें सगळ्यांना शाळेंत नेऊन बसविलें. ज्या शाळेंत मीं सात वर्षें भूगोल शिकविला, त्या शाळेनें त्यांना त्या रात्रीं आसरा दिला. आणि भूगोल मात्र त्या म्हातारीला आला!

मी भेटावयास गेलों तेव्हां तिनें फडक्यांत गुंडाळलेलें एक चित्र माझ्या हातीं दिलें. म्हणाली, “गुरुजी, तुमचं समदं पान्यानं न्हेलं म्हनं. ह्यो तुमचा फोटू आमच्याकडं ऱ्हायला. तुमी न्हेवा.” तें १९८६ चें लहान, न कापलेलें चित्र होतें. उजव्या कडेला तीं कललेलीं झाडें तशींच होतीं. गवतांतली पायरी तशीच होती. जो उतार २०२१ सालीं सुटला, तो ३५ वर्षांपूर्वींच हळूहळू सरकत होता, आणि तें माझ्या कॅमेऱ्यानें नीट टिपून ठेविलें होतें. झाडें खालीं कलणें, जमिनीला पायरी पडणें, भेग जाणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें किंवा आटणें, घराचीं दारें विनाकारण अडकूं लागणें, हीं डोंगर सुटण्याचीं ओळखण्यासारखीं लक्षणें आहेत, हें आज मी कोणालाही सांगूं शकतों. त्या वेळीं मला त्यांत एवढेंच दिसलें कीं चित्राचा तोल जातो.

मी भूशास्त्रज्ञ नाहीं. तें चित्र त्या वेळीं न कापतां कोणा जाणत्याला दाखविलें असतें तर काय झालें असतें, हें मला सांगतां येणार नाहीं. परंतु मी तें स्वतः पाहिलें नाहीं, एवढें मात्र खरें. मीं चित्र काढलें. चित्र पाहिलें नाहीं.

तेव्हांपासून आम्ही एक क्रम ठेविला आहे. माझा एक जुना विद्यार्थी ड्रोन उडवितो. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं वैशाखांत आणि पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमारास, आम्ही त्या वाडीवर जातों. मी त्याच चपट्या धोंड्यावर बसून, दुपारीं चार वाजतां, तेंच चित्र काढतों. तो वाडीच्या माथ्यावरच्या सपाटीचीं चित्रें आकाशांतून काढतो. ही कांहीं आमची नवी कल्पना नाहीं. आल्प्समधल्या हिमनद्या मागें हटतात कीं पुढें सरकतात हें पाहण्यासाठीं फिन्स्टरवाल्डर नांवाच्या जर्मन गणितज्ञानें १८८८ च्या सुमारास ठराविक जागांवरून चित्रें घेऊन मोजण्यास आरंभ केला. एकट्या चित्रांत सौंदर्य असतें. पण एकाच जागेवरून काढलेल्या दोन चित्रांत काळ दिसतो.

ह्या कामीं वरचा आणि खालचा असे दोन्ही डोळे लागतात, हें आमच्या अनुभवास आलें. डोंगर सुटतो त्याची पहिली भेग बहुधा माथ्यावर, गवतांत असते. ती पायथ्याच्या माणसाला दिसणें शक्य नाहीं. ती वरून पाहिली पाहिजे, आणि तीही भर दुपारीं नव्हे. इंग्लंडमध्यें क्रॉफर्ड नांवाच्या संशोधकानें १९२० नंतरच्या वर्षांत विमानांतून जुन्या वसाहतींचे अवशेष शोधले. जमिनीवरचे बारीक उंचवटे तिरप्या उन्हांत सांवली पडल्यामुळें स्पष्ट दिसतात, हें त्या पद्धतींतलें एक मर्म. तीच गोष्ट भेगेची. म्हणून माथ्याचें चित्र आम्ही सकाळीं सूर्य नुकताच वर आला असतां घेतों. ह्याच्या उलट झाड कललें आहे कीं नाहीं, भिंतीला तडा गेला आहे कीं नाहीं, झऱ्याचें पाणी कसें आहे, हें आकाशांतून कळत नाहीं. तें जमिनीवर उभें राहून, आणि बहुधा घरांतल्या बाईला विचारून कळतें. आम्ही दोन्ही चित्रांच्या प्रती ग्रामपंचायतींत लावतों. एक प्रत तहसील कचेरींत देतों. पाऊस अतिशय झाला म्हणजे वाडींतले लोक आतां कोणी सांगण्याची वाट न पाहतां शाळेंत येऊन राहतात.

छायाचित्रानें जमिनीचें भवितव्य पालटतें, हें जगांत घडलेलें आहे. १८७१ सालीं जॅक्सन ह्या छायाचित्रकारानें अमेरिकेंतल्या यलोस्टोन प्रदेशाचीं चित्रें काढलीं. तीं तेथल्या लोकसभेपुढें ठेविलीं गेलीं आणि पुढच्याच वर्षीं तो सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला. आमच्या वाडीच्या चित्रांनीं एवढें मोठें कार्य होणार नाहीं. एका पावसाळी रात्रीं पंधरा घरांतलीं माणसें वेळेवर उठलीं, तर तेवढें पुष्कळ झालें.

आतां मुंबई-पुण्याच्या घरांतून जे श्रोते हें भाषण ऐकत असतील, त्यांस माझी एक विनंति आहे. आपल्यांपैकीं पुष्कळ लोक सुटीच्या दिवशीं वरंध, आंबेनळी किंवा कशेडी घाटांत उतरतां, धबधब्यापुढें उभे राहतां, कॅमेरा काढतां. अवश्य काढा. कड्याच्या अगदीं कांठावर मात्र जाऊं नका. पावसाळ्यांत त्या कांठाखालीं माती असेलच असें नाहीं. चित्र काढलें म्हणजे तारीख, वेळ आणि आपण कोठें उभे होतों तें लिहून ठेवा. हें न लिहिलेलें चित्र दहा वर्षांनीं नुसतें शोभेचें होतें. मूळचें चित्र न कापतां जपून ठेवा. भिंतीवर लावण्यासाठीं कापावयाचें तर प्रत कापा. आणि चित्रांत कोणाचें घर, कोणाचें शेत आलें असेल, तर त्याची एक प्रत त्या घरीं पोंचवा. डोंगर आपल्याला वर्षांतून एक दिवस दिसतो. तीं माणसें त्याच्या कुशींत रोज निजतात. त्या चित्रांत काय आहे, तें आपल्यापेक्षां त्यांना अधिक कळेल.

माझें १९८६ चें लहान चित्र मी आणलें नाहीं. आम्ही त्याची एक प्रत करून घेतली आणि मूळ चित्र त्या म्हातारीला परत दिलें. तिनें तें पुन्हां फडक्यांत गुंडाळून फळीवर, देवाच्या शेजारीं ठेविलें. जातांना मीं तिला विचारलें, “आजी, ह्या चित्रांत तुम्हांला काय दिसतं हो?” तिनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाली, “माजी म्हस दिसते. तवा गाभन व्हती.”

मीं घरीं येऊन भिंगानें पाहिलें. अंगणांत म्हैस होती. मला ती पस्तीस वर्षांत दिसली नव्हती.